थुंकणाऱ्याचं काम

तमाम ख्रिस्ती व बिगरख्रिस्ती मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की प्रभू येशूच्या तोंडावर थुंकणारा माणूस अद्याप जिवंत आहे. त्याला मधुमेह आहे, दोन दात पडलेत, आणि हे तोच लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंदेवाहीजवळच्या आमच्या चिमुकल्या मंडळीनं शुभ शुक्रवारी चर्चच्या अंगणात प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक करायचं ठरवलं. येशू मीच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. दोन हिवाळे वडशाच्या नाटक कंपनीत कामं केलेली. उंची, आवाज, खांद्यापर्यंत केस! पण पाळकसाहेबांनी येशूचं काम दिलं दवाखान्यातल्या अबोल कंपाउंडरला.

“काऊन?” मी विचारलं.

“येशू तिथं चूप उभा राह्यते, भाऊ. तुले जमन काय चूप राहणं?”

मला रोमी शिपाई केलं. एकही वाक्य नाही. येशूच्या तोंडावर थुंकायचं, तेही खोटं खोटं.

नाटकाच्या दुपारी मी तोंडात खर्रा भरूनच उभा राहिलो. तंबाखू, सुपारी, चुना. चांगला अर्धा तास मुरवलेला. नंतर वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आलो, की ठसका लागला अन् सुटलं. हमखास हशा मिळायचा. खोटं आहे ते. नेम धरून थुंकलो मी.

तो लगदा त्याच्या डोळ्याखाली बसला. तपकिरी लाळ ओघळून चिकटवलेल्या दाढीत शिरली, सुपारीचा एक तुकडा ओठावर अडकला. चुन्यानं डोळा लालबुंद झाला. हात बांधलेले, पुसणार कसा? मागून कोणीतरी शिट्टी मारली आणि, देवा क्षमा कर, मला ती आवडली.

मग वास आला. माझ्याच तोंडाचा, त्याच्या चेहऱ्यावरून, उन्हात तापलेला. याच माणसानं महिन्याभरापूर्वी माझ्या पाठीवरचं पिकलेलं गळू नाक न मुरडता पिळलं होतं. पू त्याच्या बोटांवर आला होता. दर शुभ शुक्रवारी मी वधस्तंभापाशी रडणाऱ्यांत स्वतःला उभं करून छान रडत आलो होतो. माझी खरी जागा ही होती. थुंकणाऱ्यांत, आणि तिथंही शिट्टीकडे कान लावून. नाटकातलं एक काम मिळालं नाही, एवढ्यासाठी! भाला टाकून मी वाकलो, तोंडावर हात दाबला.

येशूला वाक्य नव्हतंच. तरी गालावरून लाळ ओघळत असताना, एका उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बघत तो सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला, “अरे, याले ओकारी येऊन राह्यली! पाणी आणा ना कोणी, याच्यासाठी!”