बकुळा फियाटमध्ये बसली

नरपडला कुणालाही विचारा, धनेश कसा माणूस? हसून सांगतील, माणूस सोन्यासारखा, फक्त त्याच्या हातात पाना देऊ नका. विहिरीवरचा पंप असो, फवारणीचं यंत्र असो की शेजारणीचा मिक्सर, हा बाबा आधी उघडणार आणि मग विचार करणार. धंदा बागायतीचा. चिकूची वाडी, थोडा भात, थोडा भाजीपाला. पण जीव सगळा नट-बोल्टांत. कुठे शिकलास असं विचारलं तर म्हणायचा, "शिकायचं काय त्यात? डोकं असलं की पुरे." हे ऐकलं की त्याची बायको बकुळा तोंड फिरवायची.

आणि तिला तो हक्क होता. त्यांची मयूरी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. धनेशने स्वतः उघडून पुन्हा जोडलेल्या स्कूटरवरून दोघं डहाणूला एका लग्नाला निघाली होती. पारनाक्याच्या वळणावर ब्रेक लागलाच नाही. त्याला नुसतं खरचटलं. बकुळाचं डावं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. आजही तो हात पुरता वळत नाही. वेणी घालायची म्हटली तरी तिला शेजारणीला हाक मारावी लागते. "वायर अचानक तुटली गं, नशीब आपलं," धनेश म्हणाला होता. तिने ते मानलं. नशिबाशी कोण भांडणार? पण पुढे कधीतरी डहाणूचा गॅरेजवाला नविन बोलता बोलता बोलून गेला, "वहिनी, मी त्याला आधीच सांगितलेलं, वायरीचे दोनच धागे उरलेत, बदल. तर म्हणे, लग्नाला जाऊन येतो, मग बघू."

बकुळा भांडली नाही, आदळआपट केली नाही. एकदाच म्हणाली, "हात मोडला त्याचं काही नाही हो. तुम्ही खोटं बोललात." धनेशने तेव्हाही कबूल केलं नाही. आणि त्या दिवसापासून नवऱ्याने उघडलेल्या कुठल्याही गाडीत तिने पाय ठेवला नाही. डहाणूला जायचं तर रिक्षाने जायची, हा मोटरसायकलवरून मागून यायचा. सगळं गाव बघायचं. काय वाटत असेल त्याला?

त्यातून ही फियाट. धनेशचे वडील, धोंडूदादा, यांची. ते गेल्यावर चिकूच्या करंड्यांमागे शेडमध्ये पडून होती. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा असा खाल्लेला, की बोट लावलं तर आत जायचं. धनेशने ती बाहेर ओढली तेव्हा वाडीवर काम करणारा तुक्या म्हणाला, "शेट, कोंबड्या बऱ्या अंडी देत होत्या आत, कशाला हाकलल्या?" लोक हसले. हसू देत. धनेशने इंजिन उतरवलं, वापीच्या भंगारबाजारात फिरून फिरून एकेक भाग शोधला, सडलेला पत्रा कापून नवा बसवला, चुकला, परत कापला. किती पावसाळे गेले त्यात. पण बाहेरचा हात लावू दिला नाही, आणि ते त्याने गावभर सांगितलंही. शेवटी एका सकाळी गाडी खोकली, थुंकली आणि चालू झाली. बकुळा पदराला हात पुसत दारात आली, थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "वाजते बरी." एवढंच. पण धनेशला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच भरात त्याने ठरवून टाकलं, की मयूरीला ह्याच गाडीतून माहेरी आणायचं. मयूरी तलासरीला दिलेली, सातवा लागलेला, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. ओटी घेऊन लेकीला आणायला आई गेलीच पाहिजे. म्हणजे बकुळाला फियाटमध्ये बसावंच लागणार. तिने बराच वेळ तांदूळ निवडत विचार केला. मग नवऱ्याकडे सरळ बघत विचारलं, "मला सांगण्यासारखं काही नाही ना?"

"काही म्हणजे काही नाही," धनेश म्हणाला. आणि तेव्हा ते खरं होतं.

मग टाकीने घात केला. फियाटची पेट्रोलची टाकी मागे डिकीत असते, मागच्या सीटला लागून. तिचा खालचा सांधा गंजून पाझरायला लागला. एम-सील लावलं, तडकलं. पुन्हा लावलं, पुन्हा तडकलं. नविनला फोनवर आडून आडून विचारलं तर तो म्हणाला, "टाकी काढून आण, भोकाला झाळून डाग मारून देतो." पण नविनकडे? त्याच नविनकडे? मग नाक कुठे राहिलं! तेव्हा धनेशला आजोबा आठवले. पाटाच्या पाइपाला भोक पडलं की आजोबा चिकूच्या झाडाला चिरा द्यायचे, पांढरा चीक जमवून आटवायचे, आणि त्यात भिजवलेली चिंधी पाइपाला गुंडाळायचे. पाण्याचा थेंब बाहेर यायचा नाही. धनेशने तेच केलं. टाकीत पाणी भरून ठेवलं, टिपूस गळलं नाही. पठ्ठ्या खूश! टाकी वाळवली, पेट्रोल भरलं.

आणि निघायच्या दिवशी सकाळी डिकी उघडली तर चीक ओघळून लोंबत होता आणि खाली ओल.

आता सांगायला हवं होतं की नाही? पण दारात रांगोळी काढलेली. बकुळा नवं लुगडं नेसून तयार. इतक्या वर्षांनी ती गाडीत बसणार म्हणून शेजारपाजार कुंपणाशी उभा. धनेशने ओल पुसली, वर नवी चिंधी करकचून बांधली, गोणपाट टाकलं, डिकी आपटली. स्वतःशीच म्हणाला, जाऊन येतो, मग बघू. तेच शब्द! मेल्या, निदान शब्द तरी बदलायचे होतेस.

बकुळा पुढे बसली. मांडीवर ओटीची पिशवी, आणि उजवा हात दाराच्या कडीवर. घाबरलीय बिचारी, धनेशला वाटलं. डहाणू मागे पडलं तशी तिने काच पुरती खाली केली.

"वास येतोय."

"जुन्या गाडीला असतो थोडा."

आशागड गेलं. रस्ता मोकळा होता, इंजिन छान चालत होतं, एरवी धनेश गाणं म्हणाला असता. आता त्याचा सगळा जीव पाठीमागे लागलेला.

"येताना मयूरी मागेच बसेल ना?" बकुळाने विचारलं.

"हो. ऐसपैस."

"टाकीला लागून."

धनेश म्हणाला, "सगळ्याच फियाटमध्ये तशी असते." हे खरंच होतं, आणि म्हणूनच त्याला स्वतःची जास्त किळस आली.

चारोटी नाक्यावर गाड्या तुंबलेल्या. फियाट उभी राहिली तसा एक ट्रकवाला उतरून कौतुकाने तिच्याभोवती फिरायला लागला. तोंडात पेटलेली विडी. "काका, मस्त गाडी छे! वेचवानी छे के?" गाडी विकायची का असं विचारत तो डिकीवर हात फिरवायला वाकला.

"ए! विडी फेक! लांब हो आधी!" धनेश एवढ्या मोठ्याने ओरडला, की बाजूच्या रिक्षातलं पोर दचकून रडायला लागलं. ट्रकवाला चमकला, धनेशला एक शिवी हासडून निघून गेला. बकुळाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यापेक्षा ती शिवी परवडली.

हायवेला लागल्यावर गाडी गचके द्यायला लागली. एक गचका, मग बरी, मग पुन्हा दोन. बाजूने केमिकलचे टँकर सूं करून जात होते.

"काय झालं?"

"कचरा आला असेल थोडा."

कसला कचरा ते त्याला पुरतं ठाऊक होतं. पेट्रोलमध्ये चीक विरघळत होता आणि तोच पुढे इंजिनापर्यंत येत होता. म्हणजे मागचं भोक दर घटकेला मोठं होत होतं. तेवढ्यात बकुळाच्या फोनवर मयूरी. आवाज एवढा खणखणीत, की त्यालाही ऐकू येत होतं. "आई, पोहोचताय ना? बाबांची फियाट बघायला आमची सगळी आळी जमलीय! मी मागच्या सीटवर पाय लांब करून मस्त झोपून येणार आहे, सांग त्यांना."

"सांगते," बकुळा म्हणाली आणि फोन ठेवला. पण सांगितलं काहीच नाही. आता बोलावं, पुढच्या वळणावर बोलावं, असं करत करत महालक्ष्मीचं देऊळ आलं.

"थांबवा," बकुळा म्हणाली. "इतक्या वर्षांनी गाडी बाहेर काढली आणि देवीसमोरून तशीच नेणार?"

नाही कसं म्हणणार? नवी गाडी घेतली की आपल्याकडची माणसं आधी इथेच येतात. धनेशने दुकानांपासून लांब, मोकळ्या जागेत गाडी लावली. बकुळाने नारळ, फुलं, लिंबं घेतली. बॉनेटवर हळदकुंकू, फुलं वाहिली, चाकांखाली लिंबं ठेवली. मग पिशवीतून ताम्हन काढलं, त्यात कापूर ठेवला. वाकड्या डाव्या हातात ताम्हन धरून, उजव्या हातात काडेपेटी घेऊन ती डिकीकडे चालायला लागली.

"पुढूनच ओवाळ ना."

"पुढूनच? गाडी चारी बाजूंनी ओवाळतात. माहीत नाही?"

डिकीखाली रस्त्यावर काळसर डाग पडला होता. धनेशच्या डोळ्यांदेखत त्यात एक थेंब पडला. मग दुसरा. बकुळा नेमकी तिथे जाऊन उभी राहिली. सबब तर जिभेवर तयार होती. वारा आहे, कापूर राहणार नाही. उशीर होतोय, मयूरी वाट बघतेय. एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने काडेपेटी वर धरली, आणि त्याला ते मनगट दिसलं, ताम्हन सरळ धरायला धडपडणारं, कधीच पुरतं न वळणारं.

"थांब! काडी ओढू नकोस! बकुळा, टाकी गळतेय!"

ती थांबली.

मग मात्र त्याच्या तोंडून सगळंच भडाभडा बाहेर आलं. "चिकाने बुजवली होती मी. सकाळीच बघितलं, ओघळलाय. मला माहीत होतं गं. माहीत असून तुला बसवली. पोटुशी पोर मागे बसवणार होतो." त्याला श्वास पुरेना. "वायरीचंही माहीत होतं मला तेव्हा."

बकुळाने ताम्हन अलगद खाली ठेवलं. "आपण चिकू तोडतो," ती शांतपणे म्हणाली. "हाताला चीक लागतो. तो साबणाने जातो का?"

"नाही."

"मग कशाने काढतो?"

"रॉकेलने," धनेश म्हणाला, आणि ऐकता ऐकताच त्याने कपाळावर हात मारून घेतला. जन्म गेला वाडीत, रोज संध्याकाळी रॉकेलचा बोळा हाताला चोळला, आणि पेट्रोल त्याचंच भावंड हे ह्या शहाण्याला सुचू नये!

बकुळाने काडेपेटी त्याच्या हातात दिली. "उघडा."

त्याने उघडली. आत एकही काडी नव्हती.

"घरूनच रिकामी आणली," ती म्हणाली. "झाडांच्या चिरा मला दिसल्या. मी काय आंधळी आहे? सकाळी डिकीचा वास पडवीत येत होता."

"मग बसलीस कशाला? काही झालं असतं तर?"

"दाराच्या कडीवरचा हात काढला का मी वाटेत?" इतका वेळ धरून ठेवलेला तिचा आवाज आता कापला. "बघायचं होतं मला. तुम्ही बोलता का बघायचं होतं. बोलला नसतात, तर इथूनच तलासरीची बस धरणार होते. पोरीचं बाळंतपण तिथेच केलं असतं, आणि मग मीही परत आले नसते. असल्या माणसाच्या घरात लेकीचं तान्हं पोर आणायचं कुठल्या भरवशावर?"

धनेश मटकन खाली बसला आणि रडायला लागला. रस्त्यावर, देवळासमोर, दुकानदारांच्या देखत. बकुळाने त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही, पण सोडूनही गेली नाही. हायवेवर तलासरीची बस दिसली तेव्हा तिने ओटीची पिशवी उचलली.

"मयूरीला बसने आणते. फुलं वाहिली, पण नारळ फोडला नाही मी." तिने नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला. "टाकी नीट करून आणा. मग दोघं येऊन फोडू."

"बसशील?"

"विचारल्यावर खरं सांगणार असाल तर बसेन."

बस गेली. धनेशने आजूबाजूची माती ओढून त्या डागावर टाकली, आणि मग नविनला फोन लावला.

"नविन, महालक्ष्मीला ये. टाकी काढायचीय. चिकाने बुजवली होती मी."

नविन असा हसत सुटला, की धनेशला फोन कानापासून लांब धरावा लागला. "चिकाने? पेट्रोलची टाकी? अरे देवा! सगळ्या डहाणूला सांगतो आता!"

"सांग," धनेश म्हणाला. त्याने नाक पुसलं, मांडीवरचा नारळ सावरला. "आणि नविन, तेव्हा त्या वायरीचं तू बकुळाला खरं सांगितलंस ना. बरं केलंस."