येमेलेच्या आधी काय

गेल्या वर्षीपर्यंत मी तलासरीच्या एका शाळेत दहावीला इंग्रजी शिकवत होते. मसोलीच्या घरून निघायचं, वाटेत चारोटीला गाडी बदलायची. शाळेत पोचेपर्यंतच मी दमलेली असायचे. त्यात व्याकरणाचा तास जेवणानंतरचा.

त्या दिवशी इंग्रजी लघुरूपांच्या आधी ‘ए’ लावायचं की ‘ॲन’, हे शिकवत होते. अक्षर पाहू नका, उच्चार ऐका, असं मी सांगितलं. उच्चार स्वराने सुरू होत असेल तर ‘ॲन’, नाही तर ‘ए’. मग फळ्यावर एमएलए लिहिलं आणि विचारलं. सगळे म्हणाले, ‘ए’. एसटी बसलाही ‘ए’च. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पुन्हा तेच उत्तर.

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घरी वारली, बाजारात गुजराती आणि शाळेत मराठी बोलणारी. एरवी वर्गात गप्पच असायची.

“मॅडम, यूपीआयला काय लावायचं?”

“ए. उच्चार ‘य’ने सुरू होतो ना.”

“मग येमेलेला का नाही? तोपण ‘य’नेच होतो.”

मी सगळ्या वर्गाला मोठ्याने म्हणायला लावलं. येमेले. येस्टी. येफेम. सगळं ‘य’ने. मुलांनी माझा नियम अगदी तंतोतंत पाळला होता. माझे वडीलही येस्टीच म्हणायचे, हे मला तेव्हा आठवलं.

मी खुर्चीत बसले. आधी अक्षरांचे उच्चार घोटून घ्यायला हवे होते. पण पोर्शन बराच राहिला होता आणि माझ्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. उठून फळ्यावर अडणारी अक्षरं लिहिली, एफ, एच, एल, एम, एन, एस, एक्स, आणि म्हणाले, “यांच्याआधी ॲन. पाठ करा.”

“मग ऐकायचं नाही?” ती अजून उभीच होती.

“राहू दे ते.”

“आमचं बोलणं चुकीचं आहे का, मॅडम?”

“नाही गं. पण पेपर तपासणाऱ्याला तुझा आवाज ऐकू येत नाही.”

ती खाली बसली आणि अक्षरं उतरवून घ्यायला लागली.

सराव परीक्षेत तिने एसटीच्या आधी बरोबर ‘ॲन’ लिहिलं. पेपर परत देताना मी विचारलं, “आता समजलं ना?”

“नाही मॅडम. पाठ केलं.”

तिने हे सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. मी मान हलवली आणि पुढच्या मुलीला हाक मारली.