निरोगी बायकांचं रक्त

छातीतली गाठ शिमग्यापर्यंत थांबते, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

रत्नागिरीजवळच्या एका काजूच्या कारखान्यात आमचा कॅम्प होता. स्तनाच्या कर्करोगात रक्तातलं एक प्रथिन वाढतं का, हे आम्ही तपासत होतो. अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात. ते वाढलंय असं म्हणायला आधी निरोगी बाईत ते किती असतं हे कळायला हवं. म्हणून निरोगी बायकांचं रक्त. ते काढणारी टेक्निशियन मी.

रांगेतल्या सुलभाताई कारखान्यातच कामाला. त्यांना विचारलं, “गाठ, दुखणं, काही?”

“काय नाय.”

ट्यूब भरली. हातावरचा कापूस दाबत त्या हळूच म्हणाल्या, “रक्त चांगला निघाला तर गाठीचा भ्या नाय ना?”

“कसली गाठ?”

“हाय एक, काखेजवळ. गणपतीच्या आधीपासून.”

“मग मघाशी नाही का म्हणालात?”

“गाठवालीला तुमी घेतला नसता. नि आमचे हे मुंबईस. शिमग्याला आलो की बघू म्हणालेत.”

मागे बसलेली त्यांची मैत्रीण म्हणाली, “तो येल पालखी नाचवायला. तुझी गाठ बघायला नाय.”

मी उठून आमच्या सरांकडे गेले.

“सॅम्पल रद्द कर,” सर म्हणाले. “निरोगी गटात त्या बसत नाहीत.”

“आणि बाईंचं काय?”

“डॉक्टरला दाखवा म्हणून सांग. आपल्या कामात ते येत नाही.”

“सर, आपल्या चाचणीचा आकडा चांगला आला की त्या घरी बसणार होत्या. त्या आकड्याचा अर्थ अजून आपल्यालाच माहीत नाही.”

सरांनी खिशातून किल्ली काढून दिली. “गाडी घेऊन जा. इथलं मी बघतो.”

मी सुलभाताईंना रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या सर्जन मॅडमनी हाताने तपासलं, सोनोग्राफी केली, गाठीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. कर्करोगच निघाला. नवरा फोनवर म्हणाला, थोडं थांबलं तर नाही का चालणार? सुलभाताई म्हणाल्या, “तुमी या नायतर नका येव. माझा ऑपरेशन ठरलाय.”

तो दुसऱ्या दिवशी आला. गाठ लहान होती, काखेत पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार चालू आहेत.

आमच्या अभ्यासात सुलभाताई नाहीत. पण आता प्रत्येक कॅम्पला आमच्याबरोबर एक डॉक्टर बाई असते. रक्त घेण्याआधी ती हाताने तपासते. निरोगी आहात का, एवढं विचारून कोणी निरोगी ठरत नाही.

तुमच्या घरातल्या बाईला आज बाजूला बसवून विचारा. ती ‘काय नाय’ म्हणाली, तर पुन्हा विचारा. आणि ‘हाय एक’ म्हणाली, तर उद्या सकाळी तिच्याबरोबर ओपीडीत जा.