भोंग्याच्या शिस्तीचं पिल्लू

पन्नास-पंचावन्न साली दापोडीच्या चाळीत आमच्या शेजारी एक फिटर राहत. मूळचे मावळातले. टोपी घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत, आणि बोलले तर दिवसाकाठी चार वाक्यं. त्या चारही वाक्यांत 'राव' असायचंच, समोर फोरमन असो की भाजीवाली.

एकदा त्यांनी रस्त्यावरून कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं. त्यानं सारवलेली जमीन दोनदा ओली केली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, बजावलं, "आता परत केलं, तर आणलं तिथंच सोडून या."

 दुसऱ्या दिवसापासून आमच्या कारखान्याचा पहिला भोंगा झाला, की हे पिल्लाला बाभळीखाली नेऊन म्हणायचे, "चला राव, उरका." चार-पाच दिवसांत पिल्लू भोंगा ऐकला की आपणहून धावायला लागलं. चाळीला मोठं कौतुक.

मग आली साप्ताहिक सुट्टी. पातळ भिंतीपलीकडे पिल्लू कळवळत होतं, पण काही केल्या बाहेर जाईना. "आता करतंय बघा घरात!" वहिनी ओरडल्या. मी कूस बदलली, तेवढ्यात भोंगा झाला. मी ताडकन उठलो, सदऱ्यात एक हात घातला, रिकामाच डबा उचलला आणि दारात आलो.

अंगणात हे उभे. डोक्यावर टोपी, हात मागे, तोंड आभाळाकडे आणि तोंडातून लांबलचक "भोंऽऽऽ". बाभळीखाली पिल्लू निवांत मोकळं होत होतं.

दम घ्यायला थांबले, तेव्हा त्यांना मी दिसलो. त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं, मग पिल्लाकडे.

"तुमी निजा राव," ते मायेनं म्हणाले, "हा भोंगा तुमचा न्हाई."