पंधरा लिटरचा हीटर

दार उघडणारा माणूस आधी तिच्या मागे डोकावायचा. "मिस्त्री कुठंयत?"

"मीच मिस्त्री. मागे आहे तो जिना."

बावीस वर्षं तिचं हेच उत्तर होतं. लोक हसत बाजूला व्हायचे आणि तिला 'मिस्त्रीताई' म्हणायला लागायचे. बॉयलर, रेडिएटर, गिझर हे सगळं ती वडिलांच्या हाताखाली शिकली. तिचा मोठा भाऊ, दादा, छापखान्यात मुद्रितं तपासायचा. घरात साधा नळ गळला तरी त्याला घाम फुटे. "वडिलांनी वाटणी चोख केली," तो म्हणायचा, "पाना हिला दिला, पानं मला दिली."

हा दादा पाच आठवड्यांपूर्वी न्हाणीघरातच गेला. गॅसचा हीटर चालू होता, दार लावलेलं होतं, वरचा झरोका बुजलेला होता. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना होणाऱ्या विषारी वायूला ना वास असतो ना रंग. वहिनी भाजी घेऊन परत आली तेव्हा आत नुसतं पाणी वाहत होतं.

तो हीटर मिस्त्रीताईनेच बसवला होता. बसवताना दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं, "काही झालं तरी हा झरोका बुजवायचा नाही." त्या दिवशी धावत आली तेव्हा तिची नजर आधी वर गेली. जाळीत वहिनीचा तपकिरी स्वेटर कोंबलेला होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी अहवालात 'वायुवीजन अपुरे' असे दोनच शब्द लिहिले. ते वहिनीला कुणी उलगडून सांगितले नाहीत. आणि वस्तीत बोललं गेलं ते वेगळंच: सख्ख्या बहिणीने बसवलेला हीटर. मिस्त्रीताईच्या कानावर ते आलं. स्वेटरचं तिने कुणालाच सांगितलं नाही. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली.

कामात चूक होत नव्हती. एका निवृत्त मास्तरीणबाईंचा खोली तापवणारा रेडिएटर खाली गरम आणि वर गार होता. वर हवा अडकली होती. तिने बाजूची छोटी किल्ली फिरवली, फुस्स करून हवा गेली, पाण्याची धार लागताच किल्ली बंद केली, आणि तापतोय का बघायला तळवा टेकवला.

"अहो, भाजेल!" मास्तरीणबाई ओरडल्या.

तिने हात काढला. तळवा लालबुंद झाला होता. "तापला," ती म्हणाली आणि पिशवी आवरू लागली.

त्याच दुपारी वहिनीच्या शेजारीणबाईंचा फोन आला. "तुमची वहिनी त्या दिवसापासून न्हाणीघरात गेलेली नाही हो. ओट्याजवळ गार पाण्याने अंग पुसते. या थंडीत!"

मिस्त्रीताई दुकानात गेली. वहिनीकडे आता विजेचा, टाकीवाला हीटर हवा होता.

"घरात माणसं किती?" दुकानदाराने विचारलं. हे नेहमीचंच. आकार माणसांवर ठरतो.

"दोन."

त्याने पंचवीस लिटरचा खोका पुढे ओढला. तिने खोक्यावरचा आकडा बराच वेळ वाचला.

"एक," ती म्हणाली. "पंधरा लिटरचा द्या."

रविवारी सकाळी ती खोका खांद्यावर घेऊन पोचली. वहिनी तिला 'वन्सं' म्हणायची. लग्नानंतर थट्टेत सुरू झालेलं ते कायमचं चिकटलं होतं. वहिनीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. मिस्त्रीताईने गॅसची नळी सोडवली, तोंड पक्कं बंद केलं, साबणाचं पाणी लावून गळती तपासली, जुना हीटर उतरवला. भिंतीवर त्याचा चौकोन पांढरा राहिला.

वहिनी उंबऱ्याबाहेरच उभी होती. "वन्सं, खरं सांगा. हीटर खराब होता का?"

मिस्त्रीताईच्या हातात पाना होता. हो म्हटलं असतं तर एका शब्दात मिटलं असतं. वस्ती तसंही तेच म्हणत होती. पण मग वहिनी उद्या दुसरा एखादा झरोका बुजवायला मोकळी राहिली असती.

"हीटर चांगला होता. झरोका बंद होता."

वहिनीने वर पाहिलं. जाळी आता मोकळी होती, तिच्यातून गार वारा येत होता.

"त्यांना सर्दी झाली होती," ती म्हणाली. "म्हणून मीच कोंबला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी पाहिलं."

"आणि लोक तुम्हाला बोलत होते, तरी तुम्ही..."

मिस्त्रीताईने ड्रिल उचललं. ती स्क्रूंची भोकं पाडायला वळली. वहिनी खाली बसली आणि रडली, पुष्कळ वेळ रडली. मिस्त्रीताईने ड्रिल थांबवलं, तिच्याशेजारी फरशीवर बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. येईल म्हणून तिने थोडी वाट पाहिली, मग उठून टाकी टांगली.

पाणी तापायला वीस मिनिटं लागली. वहिनीने टॉवेल घेतला. "दार उघडं ठेवते. तुम्ही बाहेर बसा."

"बसते."

आतून दोनदा हाक आली, "आहात ना?" दोन्ही वेळा ती "आहे" म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वहिनीने स्वतः शेजारीणबाईंना आणि जिन्यातल्या चार बायकांना गाठून काय झालं ते सांगितलं. वस्तीतलं बोलणं थांबलं. शेजारीणबाईंनी फोन करून मिस्त्रीताईची माफी मागितली. "असू द्या," ती म्हणाली. ती तेव्हा एका बंद पडलेल्या बॉयलरपुढे गुडघे टेकून बसली होती, आणि कामाला लागण्याआधी तिने घरमालकाला खिडकी उघडायला लावली होती.