खंड्यामागचा काठ

पक्ष्यांचे फोटो काढणारा म्हणून आज चार लोक मला ओळखतात. पण माझा पहिला फोटो त्यांच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही, आणि तो आठवला की अजूनही माझी मान खाली जाते.

कोपरगावजवळच्या एका गावात मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबांनी जाताना आपला पेटी कॅमेरा मला दिला. लढाई चालू, फिल्म मिळणं मुश्कील. शहाण्या माणसाने बायकोचा फोटो काढला असता. मी खंड्या पक्ष्याच्या मागे लागलो. गोदावरीच्या काठी एका वाळक्या फांदीवर तो रोज बसायचा, आणि मी लव्हाळ्यात, डोक्यावर घोंगडं घेऊन. डास फोडून काढायचे, पण असं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

एका सकाळी तो अगदी हाताच्या अंतरावर येऊन बसला. मी खटका दाबला. त्या आवाजाने खंड्या उडाला आणि पलीकडून ओरडा झाला.

"आगं बया, त्या लव्हाळ्यात कोन हाय?"

उन्हाळ्यात नदीचं पात्र आटलेलं. समोरच्या खडकांवर गावातल्या बायका धुणं धूत होत्या. त्या कधी आल्या, मला पत्ताच नव्हता. मी घोंगड्यातून कॅमेऱ्यासकट उभा राहिलो.

"मास्तर, तुमी? आन् फोटू काढताय?"

"खंड्याचा," मी म्हणालो. खरं असूनही ते माझं मलाच खोटं वाटलं.

"खंड्याचा व्हय? आन् आमी हितं बसलोय ते न्हाई दिसलं?"

दुपारपर्यंत गावभर झालं. सगळ्यात जास्त भोगावं लागलं ते बायकोला. ती नदीवर गेली की बोलणी थांबत. या मास्तराच्या हाताखाली पोरी पाठवायच्या का, अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी एक दिवस ती चिडून नदीवर सगळ्यांना सांगून आली, "फोटो धुऊन आला की मी स्वतः आणून दाखवते. खंड्याशिवाय त्यात काही निघालं तर मला बोला."

फोटो नगरहून धुऊन आला. आम्ही दोघांनी तो दारातल्या उजेडात धरला. पेटी कॅमेऱ्याला फार जवळचं नीट टिपता येत नाही, हे मला कुठे ठाऊक होतं! खंड्या म्हणजे नुसता एक पुसट डाग. आणि त्याच्या मागे, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेल्या बायका मात्र लख्ख. आमची शेजारीण तर चेहऱ्यानिशी ओळखू येत होती. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. फोटो आणि फिल्म दोन्ही चुलीत घातली आणि धुण्याचं गाठोडं घेऊन नदीवर गेली. "फोटो काळा पडला, काहीच आलं नाही," एवढंच तिथे सांगून आली. बायका पोट धरून हसल्या म्हणे. मास्तरला धड फोटोही काढता येत नाही म्हटल्यावर त्यांचा रागच ओसरला. मला खंड्यामास्तर नाव पडलं, पण नोकरी वाचली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. मनाला पाप टोचत असेल त्याने त्यातली भाकर घ्यायची नाही, अशी आमच्यात रीत. भाकरीचं ताट आधी पुरुषांकडे आलं. मी तुकडा घेतला. मग ताट बायकांच्या बाजूला गेलं, आणि माझ्या बायकोने काही न घेताच ते पुढच्या बाईकडे सरकवलं. सगळ्यांनी ते पाहिलं. नवऱ्याचं पाप हिला खातंय, असंच त्यांना वाटलं असणार.

घरी आल्यावर मी विचारलं.

"खोटं बोलले होते ना मी," ती चूल पेटवत म्हणाली. "कशी घेऊ?"

खोटं ती बोलली माझ्यासाठी, भाकर नाकारली तिने, आणि मी तिकडे निवांत तुकडा तोंडात टाकून बसलो होतो. लाजेने मला तिच्यासमोर उभं राहवेना. फळीवरचा कॅमेरा खाली काढला आणि म्हणालो, "उद्याच विकून टाकतो हा."

फुंकणी बाजूला ठेवून ती माझ्याकडे वळली.

"विकायचा नाही," ती म्हणाली. "मग मी खोटं बोलले ते कशापायी?"