अश्विनी आठ, सुकन्या सहा

नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर उभ्या असलेल्या माणसाला दोनच गोष्टी कळतात, असं तिथले लोक स्वतःच म्हणतात: माप आणि चहाची वेळ. गोरक्षनाथ मरकड यांना तिसरीही कळायची. देशातल्या मुलींच्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमध्ये कोणाचे किती गोल झाले, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. घरात, गल्लीत, कंपनीत त्यांना सगळे नाना म्हणत. वय बावन्न, बोलणं कमी, कामात मात्र अर्धा सूतही इकडचं तिकडं खपायचं नाही. चहाची सुट्टी झाली की हात पुसून मोबाईल काढायचे, लीगचं पान उघडायचे आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांची यादी वरून खाली वाचायचे. खाली वाचायची खरं तर गरजच नव्हती, कारण सगळ्यात वर त्यांची लेक होती. अश्विनी गोरक्षनाथ मरकड, आठ गोल.

नाना मूळचे पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातले. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचे, म्हणून नाना मामाच्या घरी वाढले, आयटीआय करून टर्नर झाले आणि नगरला आले. भिंगारला खोली घेतली. तिथं लष्कराच्या मैदानावर रविवारी फौजींचे सामने व्हायचे. नानांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण सामना बघायला ते कुंपणाबाहेर तासन्‌तास उभे राहत. सहा वर्षांच्या अश्विनीला सायकलवर बसवून नेऊ लागले, आणि एक दिवस लेक कुंपणाच्या आत गेली ती गेलीच. एकोणिसाव्या वर्षी दक्षिणेतल्या एका क्लबनं तिला घेतलं. बाविसाव्या वर्षी ती यादीत पहिली आली. नाना कोणापुढे मिरवत नसत. फक्त मोबाईल बंद करायचा विसरून टेबलावर ठेवायचे, आणि तो सरळ समोरच्याकडे तोंड करून ठेवलेला असायचा.

लीगचे दोन टप्पे होते आणि मध्ये पाच आठवड्यांची सुट्टी. त्या सुट्टीत अश्विनीचं लग्न झालं. स्थळ कोल्हारचं, प्रवरेकाठची बागायत, मुलगा हर्षल शेळके शिकलेला आणि शांत. त्याला तिच्या खेळाचं कौतुक होतं. त्याच्या वडिलांना, आप्पासाहेबांना, कौतुक होतं पण हिशेबातलं. सुपारी फुटली त्या दिवशी त्यांनी चार माणसांत सरळ सांगितलं की सुनेला खेळाडूंच्या जागेवर सरकारी नोकरी लागली, तर ती म्हातारी होईस्तोवर खेळू दे. न्हाई तर हा हंगाम शेवटचा. नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दिल्लीच्या एका खात्याची जाहिरात आलेलीच होती. अट एकच: वरच्या लीगमध्ये त्या हंगामात गोल करणाऱ्यांच्या यादीत पहिल्या तिघींत नाव. अश्विनी पहिली होती. नानांनी मान हलवली. बाजारात तुरी म्हणतात त्या ह्याच.

लग्नात रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि हर्षलनं अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहिलं: सुकन्या. गुरुजींनी अक्षर काढून दिलं होतं. अश्विनीनं ताटाकडं पाहिलं आणि नंतर संधी मिळताच नानांना बाजूला घेऊन म्हणाली की तिला हे नको आहे. नानांनी तिची समजूत काढली.

"तांदळातलं नाव तांदळात ऱ्हातं, अश्विनी. तुझ्या आईचं बी बदललंच हुतं. काय बिघडलं?"

तिची आई, मनकर्णा, शेजारीच उभी होती. ती माहेरची बनू. तिला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली की बनू म्हणून हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. नानांना वाटलं, बायकोला आईची आठवण झाली.

पण तांदळातलं नाव तांदळात राहिलं नाही, आणि त्याला हात लागला तो नानांचाच. आप्पासाहेबांच्या घरात कागदपत्रं वेळेवर करायची शिस्त. सूनबाईचं नाव रेशनकार्डावर चढवायचं, आधार बदलायचं, सगळं महिन्याच्या आत. नानांना वाटलं, व्याह्यांना धावपळ करायला लावणं बरं दिसत नाही. कंपनीत दोन सुट्ट्या टाकून विवाह नोंदणीचा दाखला काढला, भिंगारच्या रेशनकार्डावरून लेकीचं नाव कमी केलं आणि ओळखीच्या केंद्रातून नवं आधार करून आणलं. सुकन्या हर्षल शेळके, मुक्काम कोल्हार. ते कोल्हारला नेऊन दिलं तेव्हा आप्पासाहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला होता.

त्याच आठवड्यात क्लबच्या ऑफिसातून निरोप आला: दुसऱ्या टप्प्यासाठी सगळ्या खेळाडूंचं आधार पुन्हा पाठवा. अश्विनी सासरच्या देवदर्शनाला गेली होती, फोन लागेना. क्लबकडे नानांचाही नंबर होता. नानांपुढं दोन आधार होती, जुनं आणि नवं. नवं असताना जुनं कशाला पाठवायचं, असा साधा सरळ विचार करून त्यांनी नव्याचा फोटो पाठवून दिला. सोबत एक ओळ लिहायची होती की ही तीच. ती लिहायची त्यांना सुचलीच नाही. आपल्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही ना!

तिकडच्या कारकुनाला मात्र ना मराठी येत होती ना आपली रीत ठाऊक होती. नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं, पत्ता वेगळा. आधारचा नंबर तेवढा तोच, पण बारा आकडे जुळवून कोण बघतो? फोटो म्हणाल, तर आधारवरच्या फोटोवरून माणूस ओळखणारा अजून जन्माला यायचा आहे. क्लबनं नवी मुलगी घेतली असणार, असं समजून त्यानं नवी खेळाडू नोंदवली आणि तिला सत्तावीस नंबरचा शर्ट दिला. जुनीचा कागद आला नाही, म्हणून तिच्यापुढं रेघ मारली. अश्विनीनं फोनवर कुरकुर केली की माझा नऊ नंबर गेला. नाना म्हणाले, नंबर काय गोल मारतो का.

दुसरा टप्पा सुरू झाला. पहिल्याच सामन्यात तिनं दोन गोल मारले. नानांनी चहाच्या सुट्टीत पान उघडलं, तर अश्विनी आठच. वेबसाइट मागं पडली असेल, म्हणून ते गप्प बसले. पुढच्या आठवड्यात आणखी एक. तरी आठच. शेजारच्या लेथवरच्या वाल्मिकला एव्हाना नानांच्या यादीची सवय लागली होती. त्यानं एक दिवस मोबाईलमध्ये डोकावून नानांची फिरकी घेतली.

"नाना, सांभाळा. ही कोन सुकन्या शेळके आलीय, तुमच्या पोरीला गाठती बघा."

नानांनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी लेथ बंद केला, आणि वाल्मिकला वाटलं की आपण काही तरी लागेलसं बोललो. तो बिचारा दिवसभर माफी मागत राहिला.

त्या दिवसापासून नाना क्लबला फोन करू लागले. पलीकडून उत्तर यायचं, हंगाम संपल्यावर बघू. नानांना हिंदी तोडकी यायची, त्यामुळे फार वेळ भांडताही यायचं नाही. ते फोन ठेवायचे आणि आपणच पाठवलेला फोटो उघडून बघत बसायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडं करणार?

हंगाम संपला. अकरा गोलवाली पहिली, दहावाली दुसरी, नऊवाली तिसरी. अश्विनी मरकड आठ गोल, चौथी. सुकन्या शेळके सहा गोल, सातवी. आठ आणि सहा चौदा होतात, हे कोल्हारच्या शाळेतलं पोरगंही सांगेल. पण बेरीज करायला आधी माणूस एक असावं लागतं. दरम्यान गावांनी आपापली हौस भागवून घेतली. पाथर्डीकडच्या गावात वेशीवर फ्लेक्स लागला: अश्विनीताईंचे आठ गोलबद्दल हार्दिक अभिनंदन. कोल्हारच्या चौकात दुसरा लागला: सुकन्याताईंचे सहा गोलबद्दल हार्दिक अभिनंदन. फोटो दोन्हीकडं तोच.

नाना मात्र हटले नाहीत. त्यांनी वकील गाठला आणि स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं की अश्विनी गोरक्षनाथ मरकड आणि सुकन्या हर्षल शेळके ही एकच व्यक्ती असून ती माझी मुलगी आहे. सही करताना त्यांना कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. जे खरं आहे ते कागदावर आलं, आता कोण नाही म्हणणार? नोकरीच्या अर्जाची मुदत संपायला अजून नऊ दिवस होते. प्रत काढून त्यांनी क्लबच्या प्रशिक्षक बाईंना पाठवली, लीगला पाठवण्याआधी एकदा बघा म्हणून.

बाई मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांचा फोन तासाभरात आला. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे नाना जास्त घाबरले. बाईंनी समजावून सांगितलं की एका हंगामात एका खेळाडूची नोंद एकदाच होते. दोन नोंदी एकाच मुलीच्या आहेत हे सिद्ध झालं, तर दुसऱ्या टप्प्यातले तिचे सगळे सामने रद्द, क्लबचे गुण कापणार, संघ खालच्या लीगमध्ये जाणार आणि मुलीवर एक वर्षाची बंदी. चुकून झालं की मुद्दाम केलं, हे तो नियम विचारत नाही. संघात बावीस मुली आहेत. कोणी मणिपूरची, कोणी झारखंडची, कोणाचं घर तेवढ्यावर उभं आहे.

"मला ती एकच आहे हे माहीत आहे, नाना," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही ते लिहून दिलंत, की मला काहीच वाचवता येणार नाही."

नानांनी प्रतिज्ञापत्र घडी घालून ठेवलं. मग एक शेवटचा दरवाजा म्हणून, नोकरी नसली तरी पोरीला खेळू द्या असं सांगायला, ते कोल्हारला गेले. आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, चहा सांगितला. हर्षल बापाशेजारी मान खाली घालून बसला होता; त्यानं दोनदा काही बोलायचा प्रयत्न केला आणि दोन्हीदा बापानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते, तेच तर अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

"तुमी खोटं बोलत न्हाई, मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पन कागदावर आमची सून सातवी हाय, नाना. चार मानसांत शब्द झाला हुता."

नाना एसटीनं परत आले. अर्जाची मुदत त्या शुक्रवारी संपली. नोकरी गेली. कंपनीत ते पूर्वीसारखेच मापात काम करत राहिले, फक्त चहाच्या सुट्टीत मोबाईल काढेनासे झाले. वाल्मिकनं एकदा विचारलं, तर म्हणाले, बॅटरी उतरलीय.

पुढच्या रविवारी अश्विनी माहेरी आली होती. दुपारची जेवणं झाली होती, मनकर्णा भांडी घासत होती, आणि फोन वाजला. लीगच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसातला माणूस होता. ठाण्याचा निघाला, मराठीच बोलला, अगदी अदबीनं. नानांना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता. त्याचं काम छोटं होतं. अश्विनी मरकड ही खेळाडू पहिल्या टप्प्यात यादीत पहिली होती आणि दुसऱ्या टप्प्यात एकदम दिसतच नाही. त्याला एक रकाना भरायचा होता. दुखापत झाली, की दुसऱ्या क्लबमध्ये गेली?

नानांनी समोर पाहिलं. अश्विनी भिंतीला टेकून बसली होती. ती एकटक त्यांच्याकडं बघत होती, पण मान हो म्हणूनही हलवत नव्हती आणि नाही म्हणूनही. ही माझ्यासमोर बसलीय, तिचे चौदा गोल हायेत, असं म्हणायला एक क्षण पुरला असता. त्या क्षणात नानांना बावीस मुली दिसल्या, ज्यांची तोंडंही त्यांनी कधी नीट पाहिली नव्हती. लेकीसाठी एवढं धावून शेवटी तिचं नाव आपल्याच तोंडानं पुसायची पाळी यावी, याचा त्यांना संताप आला, पण तो काढायला कोणीच नव्हतं.

"न्हाई, दुखापत न्हाई," नाना म्हणाले. "सोडलं तिनं. लगीन झालं तिचं."

"अरे वा, अभिनंदन," पलीकडचा माणूस मनापासून म्हणाला. "मग बरोबर आहे."

त्यानं आणखी काहीच विचारलं नाही. देशात पहिली असलेली मुलगी आठ गोल मारून अचानक कुठं गेली, याचं त्याला पूर्ण उत्तर मिळालं होतं. त्यानं आभार मानले आणि फोन ठेवला. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

अश्विनी उठली, पदर नीट केला. चारच्या गाडीनं तिला कोल्हारला जायचं होतं.

"बरं सांगितलंत, नाना," ती म्हणाली. "पुढच्या साली सुकन्याचं इचारलं, तर तिचं बी ह्येच सांगा."